केसरीनाथचे दोनशे वड

केसरीनाथने लूम सोडायचं ठरवलं ते खोकल्यामुळे. कामतघरच्या यंत्रमाग कारखान्यात अठरा वर्षं सुताची रुई गिळून त्याच्या छातीत एक लहानशी गादी तयार झाली होती. डॉक्टरने सरळच सांगितलं, लूम सोड, नाहीतर माझ्याकडे येणं सोड. अशात, चौऱ्याहत्तर साली, सरकारी रोपवाटिकेचा एक साहेब त्याला भेटला. घरी रोपं वाढवून द्या, जिवंत रोपाचे पैसे मिळतील, वर हवाही शुद्ध होईल, असं साहेब म्हणाला. शुद्ध हवेची गरज केसरीनाथइतकी कुणालाच नव्हती.

त्याने वड निवडला. (वड सहसा मरत नाही, असं त्याने ऐकलं होतं. वडांनीही ऐकायला हवं होतं.) चाळीमागे प्लास्टिकच्या दोनशे पिशव्यांत वर्षभर खपून त्याने वीत-वीतभर रोपं वाढवली. बायको गुणाबाई मुकाट्याने पाणी आणून द्यायची. साहेब पावसाळ्यात मोजणीला येणार होता. रोपं पास झाली की पुढल्या साली दोन हजार रोपांचं काम आणि लूमला कायमचा रामराम.

त्यात वटपौर्णिमा आली. गुणाबाई पहाटेच पूर्णा गावच्या जुन्या वडाकडे चालत गेली. मागोमाग जॉबरची बायको धोंडूबाई ताट घेऊन दारात हजर. गुडघे दुखतात, पूर्णा लांब पडतं, इथलाच एखादा वड पुजू का, असं तिने विचारलं. जॉबर म्हणजे कारखान्यात केसरीनाथच्या डोक्यावर बसलेला माणूस, आणि त्याची बायको आपल्या दारात मागायला आलेली! केसरीनाथचा ऊर भरून आला. त्याने परवानगी तर दिलीच, वर कारखान्यातून आणलेला नायलॉन दोऱ्याचा कोन काढून दिला आणि विणकराची गाठही शिकवली.

"ताणाल तितकी आवळतेय," तो म्हणाला. "सात जन्म सुटायची न्हाय."

संध्याकाळी शिफ्टवरून परतला, तर बातमी तीन चाळींत फिरून सगळ्या बायका पूजा करून गेलेल्या. दोनशेच्या दोनशे रोपांना सात-सात वेढे होते आणि कोवळ्या खोडांत नायलॉन रुतला होता. तो ब्लेड घेऊन बसला, तोच धोंडूबाई धावत आली.

"दादा, त्या दोऱ्यावर माज्या मालकाचा आयुष्य हाय. कापायचा न्हाय."

मागे मालक, म्हणजे जॉबर, स्वतः उभा होता. यातला आपला वड कुठला ते ठाऊक नाही, तेव्हा कुठल्याच दोऱ्याला हात लावू नकोस, असं त्याने शांतपणे बजावलं. केसरीनाथने ब्लेड खिशात ठेवलं. गाठी तशाही सुटत नव्हत्या. (शिकवणारा हुशार होता.)

पंधरा दिवसांत चाळींतले सगळे नवरे ठणठणीत राहिले आणि सगळे वड वाळले. साहेब आला, पाहिलं, कागदावर शून्य मांडून निघून गेला. केसरीनाथ ओट्यावर बसला. त्याला खरोखर रडू येत होतं, पण आधी खोकला आला. उद्या पुन्हा सात वाजता ड्युटी होती.

गुणाबाईने चहा आणून ठेवला. खोकला थांबल्यावर त्याने विचारलं, "घरात दोनशे वड होते. तू कशाला चालत गेलीस पूर्ण्याला?"

"सात जन्मांचा सवाल हाय," बशीत चहा ओतत ती म्हणाली. "तुमी लावलेल्या झाडाच्या भरवशावर कसा सोडू?"