अत्तर रावजींचं, अंग भिकनरावांचं

रावजींसारखं अत्तर आपणही लावायचं, एवढंच भिकनरावांनी ठरवलं होतं. बाकीचं सगळं आपोआप झालं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारे रावजी एकदा भिकनरावांच्या गंगापूर रोडवरच्या घरी चहा पिऊन गेले, आणि पाठ वळताच सुमनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "काय घमघमाट होता हो भाऊजींच्या अंगाला! नाहीतर एकेक माणसं!" घरात त्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे एकेक माणसं म्हणजे कोण, हे भिकनरावांना विचारावं लागलं नाही.

त्यातच रविवारी कळवणहून त्यांच्या लेकीला, सुलाला, बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं चहा-पोहे खाऊन गेली ती गेलीच. "या खेपेला काही घोळ घालू नका," अशी सुमनबाईंची तंबी होती. (बिचारे घोळ घालतच नसत. त्यांचा होत असे.)

शनिवारी भिकनरावांनी भद्रकालीत अत्तरवाल्या चाचांना गाठलं आणि रावजी नेतात तेच अत्तर मागितलं.

"साहेब, आधी जरा हातावर लावा, तासभर बाजारात फिरून या," चाचा म्हणाले. "ज्याच्या त्याच्या कातडीवर असतं. एकाच्या अंगावर गुलाब होतो, दुसऱ्याच्या अंगावर..." इथं चाचा थांबले. सभ्य माणूस!

"रावजीला चालतं ते मला न चालायला काय झालं? आम्ही दोघं एकाच ग्रेडमध्ये आहोत!" असं म्हणून भिकनरावांनी बाटली खिशात टाकली.

रविवारी अंघोळ झाल्यावर त्यांनी मनगटाला, मानेला, कानामागे आणि बोटांवर उरलेलं छातीला अत्तर चोळलं आणि बाटली पुन्हा खिशात टाकली. पहिली दहा मिनिटं काय वास होता म्हणता! पण कौतुक करायला घरात कुणी नाही. मायलेकी फुलं आणायला गेल्या होत्या. तासाभरानं परतल्या त्या दारातच थबकल्या.

"अगंबाई! मेलं काय घरात?" सुमनबाईंनी नाकाला पदर लावला. "उंदीर! नक्की उंदीरच!"

वास आता भिकनरावांनाही आला. भयंकर होता. पाहुणे तासाभरावर आणि घरात मेलेला उंदीर! बाह्या सरसावून ते धान्याच्या कोठीमागे वाकले आणि ओरडले, "इथंच आहे!" कोठी अंगणात गेली. मग कपाटामागे डोकं घालून, "छे, छे, इथं!" कपाट गेलं. "कॉटखाली तर फारच येतोय!" कॉट गेली. घोटीच्या तांदळाचं पोतं त्यांनी छातीशी धरून बाहेर नेलं आणि शपथेवर सांगितलं, की उंदीर पोत्यातच आहे.

घर रिकामं झालं. सुमनबाई एकट्याच आत गेल्या. वास नाही! तेवढ्यात भिकनराव आत आले. वास!

"अहो, जरा बाहेर व्हा बरं."

झाले. वास गेला.

"आता आत या."

आले. सुमनबाई डोळे विस्फारून बघतच राहिल्या. "अहो... तुम्ही?"

"मी?" भिकनराव हादरले. त्यांनी स्वतःचं मनगट हुंगलं आणि मटकन खाली बसले. सुमनबाईंनी त्यांच्या खिशातली बाटली ओढून काढली, नवऱ्याला धरून अंगणात आणलं, आणि तिथं फाटकात पाहुणे उभे! मुलाचे वडील कारभारी आणि त्यांच्यामागे मुलगा.

"घर सोडून चाललात का काय, पाव्हणं?" कारभारींनी कोठी, कपाट, कॉट, सगळं न्याहाळत विचारलं.

सुलाचा चेहरा पांढराफटक पडला. हेही स्थळ गेलं! सुमनबाईंच्या हातात ती बाटली तशीच. कारभारींचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"आरं वा! अत्तर? हल्ली कोण लावतंय पाव्हण्याला? लय झाक!" असं म्हणून त्यांनी हात पुढं केला.

पाहुण्यानं पुढं केलेला हात कसा नाकारणार? सुमनबाईंनी डोळे मिटले आणि अत्तर लावलं. बसायला कॉट बाहेरच होती. पोहे झाले, चहा झाला, तरी मायलेकी श्वास धरून बसलेल्या. भिकनरावांना "ऊन लागतंय त्यांना" असं सांगून पेरूच्या झाडाखाली लांब उभं केलं होतं. निघताना कारभारींनी हात नाकाशी नेला. आता! सुमनबाईंनी सुलाचा हात घट्ट धरला.

"वा!" कारभारी म्हणाले. आणि खरोखरच अंगणभर गुलाब दरवळत होता. सुमनबाई थक्क झाल्या.

आठवड्यानं कळवणहून पत्र आलं. मुलगी पसंत. अत्तर दोन दिवस हातावर टिकलं, लग्नात सगळ्या वऱ्हाडाला तेच लावावं. भिकनरावांनी कॉलर ताठ केली. (त्यांच्या अंगावर ते पाच दिवस टिकलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.)

"थांबा, खाली अजून एक ओळ आहे," सुमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"ता. क. मांडवात व्याह्यांनी मिठी मारून भेटायची रीत आहे. आपण लांबूनच राम राम करू."