टेक्सासचा एकरी उतारा

फ्लेक्सवर मी गोल चेंडू छापला. चूक माझीच.

केडगावात माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि चुका हा तिथला जोडधंदा आहे. एकदा एका गृहस्थांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली मी दुसऱ्याच कुणाच्या तरी दशक्रियेचं ठिकाण छापलं होतं. ते गृहस्थ अजून ठणठणीत आहेत आणि अजून माझ्याकडेच छापतात. त्यांचं म्हणणं, त्या वर्षीचं गंडांतर फ्लेक्सवरच गेलं. पण गोल चेंडू पडला तो आप्पांच्या फ्लेक्सवर, आणि ते का वाईट झालं हे कळायला आधी आप्पा कळायला पाहिजेत.

ज्ञानोबा आप्पा जवळच्या राहू गावचे. ऊस, दोन म्हशी, पांढरी टोपी आणि अमेरिकन फुटबॉल. आमच्याकडे चहाच्या टपरीवर हल्ली बिबट्याशिवाय विषय नाही. कुणाच्या उसात दिसला, कुणाचं कुत्रं नेलं. असा रंग भरात आला की आप्पा कपातून तोंड वर काढून विचारतात, "ते ऱ्हाऊ द्या. अमेरिकेत पैसे घेऊन फुटबॉल खेळनारी पोरं सगळ्यात जास्त कुठल्या भागात पिकत्यात, सांगा बरं."

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा तिकडचा. डोक्याला हेल्मेट, खांद्यावर उशा, लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. टपरीवरच्या एकानेही तो कधी पाहिलेला नाही. पण उत्तर आता सगळ्यांना पाठ आहे: टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया.

"हे झालं टनेज," आप्पा बोट वर करतात. "टनेज सांगू नगा. एकरी उतारा सांगा."

आप्पांचं सगळं गणित उसाचं. टेक्सासचं शिवारच मोठं, तिथं माल जास्त निघणारच, त्यात काय नवल? माणसामागे किती पोरं निघतात ते बघा. तिथं मग लुइझियानासारखी लहान राज्यं पुढे येतात. आणि त्याहून पुढे सामोआ. समुद्राच्या मधोमध चिमूटभर बेट, आपल्या तालुक्याच्या कोपऱ्यात बसेल, पण उतारा म्हणाल तर सगळ्यांना भारी. सामोआवर आप्पांचा विशेष जीव, कारण राहूच्या बाजूलाही नद्यांच्या मधला पट्टा म्हणून बेटच म्हणतात. "बेटातल्या मातीत कायतरी हाय," ते सांगतात. यावर एकदा मी म्हणालो की आप्पा, तुमच्या बेटातून अजून एकही फुटबॉलवाला निघालेला नाही. त्यांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "लागनच केली न्हाई, तर उतारा कुठनं येनार?"

हा उतारा ते कशालाही लावतात. लग्नात पंगती किती उठल्या ते सांगू नका, माणसामागे जिलबी किती गेली ते सांगा. माझ्या दुकानालाही त्यांनी तो लावला. "दिनूशेठ, तू फ्लेक्स लई छापतोस. पर फ्लेक्सामागं चुका बघितल्या, तर जिल्ह्यात तुझा नंबर."

हे ज्ञान येतं कुठून, तर ह्यूस्टनहून. आप्पांची मुलगी सुरेखा तिथे असते, आणि तिची मुलगी मीरा दर रविवारी सकाळी आप्पांना फोन करते. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र. फोन आला की आप्पा गोठ्यातून उठून ओसरीवर येतात, टोपी नीट करतात. मीरा एक राज्य सांगते, आप्पा शंका काढतात. पाऊस किती, जमीन कसली, पोरांना खायला काय घालतात. फोन ठेवला की आप्पा गाडीला किक मारून टपरीवर, ज्ञान गरम असतानाच वाटायला.

डिसेंबरात, ऐन गळिताच्या हंगामात, मीरा आणि सुरेखा यायच्या होत्या. कित्येक वर्षांनी. मागच्या वेळी मीरा आली तेव्हा वासराला घाबरायची, आता दहावीच्या वयाची झाली होती. आप्पांनी मला फ्लेक्स सांगितला. वेशीवर लावायचा, मीराचं नाव मोठं, शेजारी चेंडूसकट खेळाडू. मी इंटरनेटवर फुटबॉल शोधला, जो पहिला गडी दिसला तो घेतला. हाफ चड्डी, उघडं डोकं, आणि पायाशी गोल गरगरीत चेंडू.

आप्पांनी तो वेशीवर पाहिला तेव्हा गाडी पुण्यातून निघाल्याचा फोन येऊन गेला होता. मला वाटलं, शिव्या घालतील. ते खाली बसले, बांधावर बसतात तसे.

"ती म्हनंल, आज्याला यातलं काय बी कळत न्हाई," ते म्हणाले. "म्हनंल, इतकी वरसं नुसतं व्हय व्हय करत व्हता."

नवीन छापायला वेळ नव्हता. मी दुकानात धावलो. रद्दीत एका बियाण्याच्या दुकानाचा जुना फ्लेक्स होता, त्यावर बटाटे. त्यातल्या त्यात लांबट बटाटा कापला, मार्करने वर शिवण काढली आणि गोल चेंडूवर चिकटवला. गड्याच्या डोक्याला हेल्मेट म्हणून काळा रंग फासला. आता वेशीवर एक माणूस तोंड काळं करून बटाट्याला लाथ मारत होता.

मीरा उतरली, फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. आप्पा टोपी काढून परत घालत होते. मग ती म्हणाली, "आप्पा, एकदम बरोबर आहे." आणि फोटो काढला. आप्पांनी त्या दिवशी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मलाही.

दोन दिवसांनी आम्ही गुऱ्हाळावर गेलो. आप्पा रसाची किटली भरायला चरकाकडे गेले आणि मीराने मला हळूच विचारलं, "काका, आप्पांना हे फुटबॉल खरंच एवढं आवडतं?"

म्हटलं, आवडतं म्हणजे, वेड आहे.

"मला नाही आवडत," ती म्हणाली. "मी शाळेच्या मॅचला जाते, पण बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. मॅच बघतच नाही. शनिवारी आप्पांसाठी वाचून ठेवते."

मग तिने सांगितलं. पूर्वी फोनवर आप्पांशी काय बोलायचं ते तिला सुचायचं नाही. आई मागून ढोसायची, बोल काहीतरी. एकदा तिने सहज सांगून टाकलं की आमच्या टेक्सासमधून फुटबॉलवाले सगळ्यात जास्त येतात. मग आप्पांनी विचारलं, एकरी किती? "त्यांना इतका इंटरेस्ट आला. मग मी सोडलंच नाही."

आप्पा किटली घेऊन आले. मी रस प्यायलो आणि गप्प बसलो, जे मला सहसा जमत नाही.

संध्याकाळी फ्लेक्स उतरवताना आप्पांनी बटाटा हळू सोलून काढला, घडी करून खिशात ठेवला. मी विचारलं, आप्पा, तुम्ही तो खेळ कधी बघितला तरी का? मोबाइलवर असतो सगळा.

"बघितला की. एकदाच," ते म्हणाले. "दोन पावलं पळत्यात आन् थांबत्यात. परत मीटिंग. आपल्या सोसायटीची सभा बरी. न्हाई बघवत."

"मग हे सगळं?"

आप्पा दोरीची गाठ सोडवत राहिले. "पोरगी बोलायचीच न्हाई रं माझ्याशी. कशी हायेस, बरी हाय, की फोन आईकडं. मी म्हशीचं सांगायचो, तिला काय घेनं. एक दिवस ती आपनहून टेक्सासचं बोलली. म्हटलं, हिच्या जिवाचा विषय दिसतोय. तवा धरला, तो धरला."

मला रात्री झोप लागली नाही. दोन्हीकडचं गुपित एकट्या माझ्याकडे, आणि माझ्याकडे आलेली गोष्ट सहसा आठ बाय दहामध्ये चौकात लागते.

त्या निघाल्या त्या सकाळी मी मुद्दाम राहूला गेलो. गाडीत बॅगा चढल्या होत्या. मीरा आप्पांच्या पाया पडून म्हणाली, "रविवारी अलाबामाचं सांगते." आप्पा म्हणाले, "टनेज नगं. उतारा." तिने मान डोलावली, आणि दोघं एकमेकांकडे इतक्या आनंदाने पाहत होते की मला राहवेना. म्हटलं, सांगून टाकावं. दोघं हसतील, उद्यापासून म्हशींबद्दल बोलतील, क्लॅरिनेटबद्दल बोलतील. मी घसा साफ केला.

"आप्पा, मीरा, तुम्हाला एक गंमत—"

माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. आप्पांची बायको, अक्का. हातात काकवीचा डबा. मला ओढत गोठ्याच्या आडोशाला नेलं. आप्पांनी आपलं गुपित तिला केव्हाच सांगितलं होतं आणि मीरानेही कालच चुलीपाशी बसून आपलं, हे तिने दोन वाक्यांत उरकलं.

"दिनूभाऊ," ती म्हणाली, "चेंडूला बटाटा चिकटवलात नव्हं? आता तसंच कायतरी तोंडाला चिकटवा."