मेलेले वानखडे सर

वानखडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मेलेले होते.

आम्ही कारंज्यात नुकतेच राहायला आलो होतो. विरजण मागायला शेजारी गेले, तर ओसरीत बाजेवर सर आडवे, नाकात कापसाचे बोळे आणि पायाशी एक पोरगा घामाघूम. माझ्या हातातली वाटी पडली. तशी सरांनी एक डोळा उघडला.

"वहिनी, आताच रडू नका. त्याले आधी सांगू द्या."

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. डॉक्टर व्हायला निघालेली मुलं सल्ला घ्यायला यायची. कोणता क्लास लावू, कोणती पुस्तकं वाचू. सर म्हणायचे, "थे सारं मोबाइलवर आहे. मी मेलो, हे माह्या घरच्यांले सांगून दाखव."

घरचं कोणी नव्हतंच. मग त्यांची बहीण म्हणून मला बसवू लागले.

एकानं "सॉरी" म्हणून पाठ फिरवली. एकानं यकृतापासून सुरुवात करून मृत्यूची कारणं सांगितली. केनवडच्या एकाला माझं तोंड पाहून धीरच झाला नाही. म्हणाला, "तसे बरे आहेत." त्याला मेलेल्या सरांनीच झापलं, "खोटं कायले बोलून राह्यला बे?"

कितीदा पाहिलं, तरी तो कापूस दिसला की मी आधी सरांची छाती हलतेय का ते बघायचे.

मग अनसिंगची रेणुका आली. घरी भाजीचा मळा, चेहरा उन्हानं रापलेला. तिनं स्टूल ओढलं, माझ्याजवळ बसली, हात हातात घेतला.

"मावशी, सर गेले. लय कोशिश केली आमी, पन नाई वाचले. तुमाले त्यायच्यापाशी बसाचं असन त बसा. मी आहो इथंच."

आणि खरंच बसून राहिली. नाटक आहे हे ठाऊक असूनही मी तिचा हात सोडला नाही. बाजेकडे पाहिलं आणि चरकले. सरांच्या मिटल्या डोळ्यांतलं पाणी कानांत उतरत होतं.

रेणुका गेली, तरी सर उठले नाहीत. छताकडे बघत म्हणाले, "आमची बायको गेली, थे मले डॉक्टरनं जिना चढता चढता सांगतलं. नाव बी चुकवलं. मले वाटलं, दुसऱ्या कोनाची असन. मी खाली गेलो, संत्री घेतली अन् वार्डाबाहेर तिच्यासाठी सोलत बसलो."