अप्पांचा उलटा फ्लेक्स

लातूरमध्ये निकाल लागला की क्लासच्या गल्ल्यांत पहिल्या आलेल्यांचे फ्लेक्स लागतात. आमचे घरमालक मन्मथअप्पा यांच्या गेटवर मात्र वर्षभर एकच फ्लेक्स होता, आणि तोही उलटा. 'हार्दिक अभिनंदन' वाचायला मान वाकडी करावी लागे. वरच्या कोपऱ्यात 'शुभेच्छुक' अप्पा डोकं खाली करून हसत होते.

अभिनंदन जपानच्या यानाचं होतं. ते चंद्रावर ठरल्या जागी उतरलं, पण नाकावर पडलं, आणि फोटोही तसाच आला. फ्लेक्सवाल्याला वाटलं, फोटो उलटा दिलाय. त्यानं बिचाऱ्यानं सरळ करून छापला. अप्पा भडकले आणि त्यांनी अख्खा फ्लेक्सच उलटा टांगला. यान बरोबर दिसतंय ना, मग झालं, असं त्यांचं म्हणणं. काकू विचारायच्या, "जपानवाले बघायला येणार हायत काय?"

अप्पा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आता वरच्या तीन खोल्या क्लासच्या मुलींना देत. मी बिलोलीची, आमच्या घरात बारावीच्या पुढं शिकणारी पहिलीच. पहिल्या दिवशी मी घाबरत खाली गेले. वाटलं, नियम सांगतील. त्यांनी यान सांगितलं. पडल्यामुळं त्याच्या सोलर पाट्यांवर ऊन येईना, म्हणून ते गप्प झालं. काही दिवसांनी ऊन फिरलं आणि जपानला परत सिग्नल आला. "लाइन गप हाय म्हंजे मेली न्हाई, बाई," अप्पा म्हणाले. हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही.

जपानच्याच एका खाजगी कंपनीचं यान त्याआधी उतरता उतरता गप्प झालं होतं. ते आपटलं, पेपरात आलंय, असं आम्ही मुली सांगायचो. "तुम्ही बघून आलाव काय?" ते विचारायचे.

गावी गेलेल्या प्रत्येकीनं पोचल्यावर फोन करायचाच. फोनवर एकच प्रश्न यायचा: "उतरलीस का? सरळ का आडवी?" एसटीत उलटी झाली, पाय मुरगळला, घरी भांडण झालं, तरी 'आडवी' सांगायचं. ते समाधानानं फोन ठेवायचे.

नीटचा निकाल लागला तेव्हा मी घरी होते. मार्क सांगण्यासारखे नव्हते. मी फोन बंद करून ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी अप्पा आमच्या दारात उभे. एसटी बदलत आलेले, हातात काकूंच्या धपाट्यांचा डबा. बाबांना वाटलं, मी खोलीवर काहीतरी विसरून आले. अप्पांनी चहा घेतला आणि मार्कांचा विषय न काढता बाबांना यान समजावलं. बाबांनी सगळं ऐकून विचारलं,

"पण पडलंच होतं, तर अभिनंदन कशाचं?"

"बोललं त्याचं," अप्पा म्हणाले.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. तिथं ते पहिल्यांदाच यान सोडून बोलले. भूकंपात ते औशाकडून किल्लारीच्या बाजूला तारा ओढत होते. त्यांची अक्का तिकडच्याच एका गावात दिलेली. लाइन जोडली की अक्का पोस्टातून फोन करेल, असं धरून ते दिवसरात्र खांबावर होते. लाइन जोडली गेली. लोकांचे फोन लागले. अक्काचा आलाच नाही.

एसटी लागल्यावर एवढंच म्हणाले, "फेल झालीस तर फेल झाले म्हणून फोन करायचा. गप बसायचं न्हाई, बाई."

मी त्यांच्यासमोरच फोन चालू केला.

आता मी नांदेडला बीएस्सीला आहे. काल गणिताचा पेपर फार वाईट गेला. बाहेर आले आणि अप्पांना फोन लावला.

"सरळ का आडवी?"

"आडवी, अप्पा."

"असू दे," ते म्हणाले. "आवाज साफ येतोय."