अंदाजे अर्धा तास

माझ्या वडिलांचं निधन तीन मार्चला झालं. ही घटना अर्ज क्रमांक ४७-ब मध्ये बसत नसल्यामुळे पुढची सगळी कारवाई करावी लागली.

वडील, होबार्ट स्कॅग्ज, सार्वजनिक फोनचे 'सेवा पुरवठादार' होते. हा हुद्दा सरकारने दिलेला. ते स्वतः 'माझे डबे' एवढंच म्हणत. एके काळी वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या तीन जिल्ह्यांत त्यांचे एकेचाळीस डबे होते. शेवटी एक उरला, ड्रीमाच्या लाँड्रीबाहेरचा. तो उरला कारण आमच्या दरीत मोबाइल चालत नाही. डोंगरापलीकडे सरकारची एक प्रचंड रेडिओ दुर्बीण ताऱ्यांचे आवाज ऐकत असते. तिला व्यत्यय नको म्हणून सरकारनेच इथे मोबाइलचे मनोरे उभारू दिलेले नाहीत. त्यामुळे वरच्या ट्रेलरांत, म्हणजे फोनची तार न पोचलेल्या चाकांवरच्या घरांत, राहणारे लोक दवाखान्याला, पेन्शनच्या कचेरीला फोन करायला लाँड्रीपाशी येतात. हे नंबर टोल-फ्री असतात, नाणं टाकावं लागत नाही. त्याबद्दल फोन कंपन्यांनी डब्याच्या मालकाला भरपाई द्यावी, असा नियम आहे. भरपाईसाठी मालकाचं नाव सरकारच्या दूरसंचार आयोगाच्या नोंदवहीत लागतं, आणि ज्या डब्याचा मालक नोंदवहीत नाही त्याची लाइन नव्वद दिवसांनी तोडतात.

मला तो डबा चालू ठेवायचा होता. का, हे अर्जात विचारलेलं नव्हतं.

अर्जाच्या माथ्यावर छापलं होतं: 'कागदपत्रांचा भार कमी करण्याच्या कायद्यानुसार हा अर्ज भरण्यास अंदाजे अर्धा तास लागतो.' पहिलाच प्रश्न होता, पूर्वीचा पुरवठादार सेवा का देत नाही? पर्याय तीन: निवृत्त, व्यवसाय विकला, स्थलांतरित. मी 'स्थलांतरित'वर खूण केली. पुढे नवा पत्ता विचारला होता. मी लिहिलं, मेथडिस्ट चर्चच्या मागे, तिसरी रांग, ओकच्या झाडाखाली.

आयोगाने त्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं. आमचा पोस्टमन कर्तव्यदक्ष आहे. त्याने ते नेऊन दिलं आणि उडू नये म्हणून वर दगड ठेवला. पंधरा दिवसांत उत्तर न आल्याने आयोगाने मला कळवलं की पूर्वीचे पुरवठादार सहकार्य करत नाहीत. मी लाँड्रीबाहेरच्या डब्यावरून आयोगाच्या मदत कक्षाला फोन लावला. लुपोल्ड नावाचे गृहस्थ बोलले.

"मॅडम, त्यांची सही हवी होती."

"ते वारले आहेत."

"मग स्थलांतरित का लिहिलंत?"

"त्यातल्या त्यात तेच जवळचं होतं."

बराच वेळ टायपिंगचा आवाज आला. "'असहकार' असंच राहू देतो," ते म्हणाले. "त्याला आमच्याकडे रकाना आहे. आता तुमची ओळख पटवायला मोबाइलवर एक कोड पाठवतो."

"आमच्याकडे मोबाइल चालत नाही. म्हणून तर हा डबा आहे."

"बरोबर. पण डब्यावर कोड पाठवता येत नाही."

मी उसना मोबाइल घेऊन अडतीस मैलांवरच्या पेट्रोल पंपावर गेले. कोड आला की दहा मिनिटांत अर्जात भरायचा, आणि अर्ज लाँड्रीच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उघडलेला. मी पंपावरून डब्याला फोन लावायचा, ड्रीमाने आकडे ऐकून आत धावायचं, असं ठरलं. चौथ्या खेपेला जमलं. स्क्रीनवर अभिनंदन आलं आणि खाली प्रश्न आला: 'आपल्या भागात सार्वजनिक फोनची गरज मोबाइलने भागत नाही, याचा पुरावा मोबाइलने फोटो काढून जोडा.'

भाग तीनमध्ये मुख्य वित्त अधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि स्वतंत्र लेखापरीक्षकाचा दाखला हवा होता. वित्त अधिकारी ड्रीमा झाली. "ड्रायरमधली चिल्लर मीच काढते, म्हणजे मुरलेलीच आहे की मी," ती म्हणाली. "पगार किती?"

"काही नाही."

"मग मानाचं पद दिसतंय. आण इकडे, करते सही."

लेखापरीक्षकाचं अवघड होतं. त्याचे पूर्वीच्या पुरवठादाराशी 'रक्ताचे, व्यवसायाचे अथवा स्नेहाचे' संबंध असता कामा नयेत. दरीत माणसं दोनशे बारा. निम्मी आमच्या नात्यातली. उरलेल्यांना डॅडी आवडायचे, आणि त्याचा त्रास मला प्रथमच झाला. एकटा डेंझिल कोगर असा होता, ज्याने एका शिकारी कुत्र्याच्या भांडणावरून चौतीस वर्षं डॅडींशी बोलणं टाकलं होतं. दर गुरुवारी मात्र तो वरून चालत यायचा आणि डॅडींच्याच डब्यावरून माजी सैनिकांच्या इस्पितळाला फोन करायचा. छातीच्या औषधाची पुढची बाटली त्या फोनवर मिळायची.

"डेंझिलकाका, डॅडींशी तुमचे स्नेहाचे संबंध नव्हते असं लिहून द्याल?"

"चार पानं देतो," तो म्हणाला.

त्याने खरोखर चार पानं दिली. कुत्र्याची पूर्ण हकिगत होती. शेवटी लिहिलं होतं: 'माणूस हलकट होता. चौतीस वर्षांत गुरुवारी डबा एकदाही बंद नव्हता.'

लुपोल्डनी आक्षेप घेतला. "शेवटच्या वाक्यात स्नेह दिसतो. काढावं लागेल."

"ते खरं आहे, निघणार नाही," डेंझिल म्हणाला. "हवं तर हलकट दोनदा लिहितो."

दोनदा हलकट आयोगाने मान्य केलं. त्या दिवशी मी घरी येऊन डॅडींचा कोट पहिल्यांदा कपाटातून काढला आणि पुन्हा आत ठेवला.

भाग चार म्हणजे 'सार्वजनिक गरज'. तीस दिवसांत पूर्ण झालेल्या कॉलची संख्या द्यायची. पूर्ण म्हणजे पलीकडून माणसाने उचललेला. हे कळताच चर्चच्या बायकांनी टोल-फ्री नंबर फिरवायला पाळ्या लावल्या. सकाळी गाद्यांची कंपनी, दुपारी बियाण्यांची, जेवणानंतर कवळीच्या डिंकाची. एक्याऐंशी वर्षांच्या मिसेस आर्बोगास्टना कवळीवाल्या कंपनीतल्या मुलीचा घटस्फोट चाललाय हे तिसऱ्या फोनला समजलं, आणि त्यानंतर त्या आपली पाळी कोणाला देईनात. महिन्यात एक हजार नऊशे सहा कॉल झाले.

"मॅडम," लुपोल्ड म्हणाले, "हजाराच्या वर कॉल म्हणजे तुम्ही बृहत पुरवठादार झालात. ४७-ब रद्द. आता ४७-ड. एकोणीस पानं आहेत."

एकोणीस पानं अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी भरून झाली. शेवटचा प्रश्न होता, हा अर्ज भरायला प्रत्यक्ष किती वेळ लागला? मी वहीत मांडून ठेवलं होतं. लिहिलं: दोनशे चौदा तास.

लुपोल्डचा फोन तासाभरात डब्यावर आला. आवाज दबलेला होता.

"तिथे अर्धा तास लिहा ना."

"शपथेवर लिहायचं आहे."

"सगळे अर्धाच तास लिहितात."

"सगळे म्हणजे किती जण?"

टायपिंग थांबलं. "यंदा तुम्ही एकट्याच."

म्हणजे देशाची सरासरी दोनशे चौदा तास झाली होती. कागदपत्रांचा राष्ट्रीय भार एका रकान्यात बेचाळीस हजार सातशे टक्क्यांनी वाढला होता, आणि कायद्याने तो कमी करणं आयोगाला भाग होतं. मार्ग दोनच, असं लुपोल्डनी मला समजावलं, आणि ते खरोखर हळहळत होते. अर्ज लहान करायचा किंवा अर्जदार कमी करायचे. अर्ज लहान करायला तीन वर्षांचा अभ्यास लागतो. अर्जदार कमी करायला नुसती नोटीस पुरते.

नोटीस निघाली: 'दरीतला एकमेव पुरवठादार नोंदवहीतून वगळण्यास जनतेची हरकत आहे काय?' मुदत साठ दिवस, तोवर लाइन चालू. दरीतल्या एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी पोस्टकार्डं लिहिली. डेंझिलने दोन लिहिली, एक इस्पितळाच्या वतीने. पण हरकती फक्त स्वतःच्या नावावरच्या मोबाइलवरून स्वीकारायच्या होत्या. पोस्टकार्डांची नोंद आयोगाने 'शुभेच्छापत्रे' या सदरात केली आणि पोच पाठवली.

एकसष्टाव्या दिवशी लाइन गेली. तो गुरुवार होता. डेंझिल आला, रिसीव्हर उचलून बराच वेळ उभा राहिला.

"ऐकू येतं का काही?" मी विचारलं.

"नाही. पण ती पलीकडची दुर्बीण वर्षानुवर्षं ऐकतेच आहे ना. मी दहा मिनिटांत कशाला कंटाळू?"

मग मी त्याला गाडीत घालून अडतीस मैलांवर पंपापाशी नेलं. तिथून इस्पितळाला फोन लागला. पण त्यांची औषधाची खिडकी दुपारी दोनला बंद होते आणि तेव्हा अडीच वाजले होते. परतताना त्याने काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून श्वास घेत राहिला.

घरी आयोगाचं अंतिम पत्र आलं होतं. अर्जदारांची संख्या: शून्य. वार्षिक भार: शून्य तास. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. खाली एक परिच्छेद होता: 'ज्या नागरिकांकडे मोबाइल होता व हरकत नोंदवण्याची सोय होती, त्यांपैकी एकानेही साठ दिवसांत ती नोंदवली नाही. या मोलाच्या सहकार्याबद्दल आयोग त्यांचा ऋणी आहे.'

आमच्या दरीत ती सोय कोणालाच नव्हती, तेव्हा हे आभार आमचे नाहीत. पत्र चुकीच्या पत्त्यावर आलं आहे. ज्यांचं आहे त्यांना, म्हणजे तुम्हाला, पोचतं करते. वाचून झालं की खिशात ठेवा, मोबाइलशेजारी.