शेण कसं पडून राहिलं?

आमचे सुदाममामाजी कुणालाही "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "शेण कसं पडून राहिलं गा?" म्हणजे, कसं पडतंय. त्यांची तीसेक वर्षं अर्जुनी मोरगावात जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्ट्या करण्यात गेली, निवृत्त झाले तरी गावाला ते ढोरडाक्टरच. माझ्या लग्नात त्यांनी हाच प्रश्न माझ्या सासऱ्यांना भर पंगतीत विचारला होता. सासरे जिलबीवरून उठले.

दोन हजार पाचच्या सुमारास मला जुलाब लागले ते थांबेचनात. वजन असं उतरलं, की वर्गात फळ्यापुढे उभा राहिलो तरी पोरांना मागची अक्षरं दिसत. मामाजींनी माझ्या फासळ्यांवरून हात फिरवला, पापणी ओढून पाहिली.

"जनावर खाऊन राहिलं, पन अंगी लागून नाई राहिलं. नागपूरले चाल."

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतडी पाहिली. आजाराचं नाव निघालं क्रोन्स. आतड्यांना सूज येते, व्रण पडतात; औषधाने आटोक्यात राहील, म्हणाले.

"पन होते कायले?" मामाजींनी विचारलं.

"नक्की कुणालाच माहीत नाही. शरीर आपल्याच आतड्यांवर उठतं. मागे एखादा जंतू असावा, असंही काहींना वाटतं."

मामाजी खुर्ची ओढून पुढे सरकले. "गायीले असाच रोग असते, साहेब. खाते, पातळ हगते, सुकत जाते. त्याचा जंतू दुधात उतरते."

डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तोही संशयितांत आहे. पण सिद्ध झालेलं नाही."

साकोलीपर्यंत एसटीत मामाजी खिडकीबाहेर चरणारी ढोरं बघत राहिले. मला वाटलं, मोठ्या डॉक्टरला चष्मा काढायला लावल्याचं सुख चघळताहेत. माझी अक्कल नेहमीच मागच्या गाडीने येते. वर्षानुवर्षं मी त्यांच्याच गोठ्यात उभा राहून धारोष्ण दूध प्यायलो होतो, हे मला आठवलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरचं दूध तीन उकळ्यांशिवाय कुणाला मिळेना. सोनी गायीचं शेण डबीत भरून तपासायला गेलं. एकदा नव्हे, तीनदा.

"मामाजी, माझ्या डबीची एवढी काळजी कुणी घेतली नाही," मी चिडवलं.

"तुले तोंड आहे गा. तिले नाई."

औषधं लागू पडली. दिवाळीपर्यंत मी फळा झाकण्याइतका झालो. सोनीचा तिसरा कागदही आला: काही निघालं नाही. तो घेऊन मी गेलो, तर मामी अंगणात तांदूळ निवडत होती.

"आता तरी सांग बाप्पा तुया मामाजीले," ती म्हणाली. "सहा महिने झाले. साऱ्याइले उकळून देतेत अन् सोता कच्चंच पेतेत."

"काऊन?"

"म्हणतेत, भाश्याले माया सोनीनं झालं असन, तं मले बी होईन. मंग समजन."

मामाजी गोठ्यात उभे होते, हातात दुधाचा पेला. मी कागद वाचून दाखवला. ते सोनीच्या मानेवरची गोचीड शोधत राहिले, गोचीड नव्हतीच. तोंड न वळवता त्यांनी विचारलं, "अन् तुयं शेण?"

"घट्ट पो पडून राहिला, मामाजी."

त्यांनी पेला माझ्यामागून आलेल्या मामीकडे दिला.

"उकळून आन," म्हणाले. "दोघाइले."