पाठमोरं नाटक

गंगाराममामा माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाठ. चुडाव्याच्या स्टेशनवर नवा माणूस उतरला की त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून निकाल द्यायचे. तलाठी बदलून आला तेव्हा म्हणाले, "तोंड नमस्कार करायलंय, पाठ न्हाई." माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तर मामा जाऊन नवऱ्या मुलाच्या मागं उभे. पोरगं घामाघूम. "भित्रं हाय, पर हात उचलनार न्हाई. द्या पोरगी." आम्ही दिली. ती सुखात आहे, त्यामुळे वस्तीत मामांच्या निकालावर कुणी अपील करत नसे.

ही विद्या त्यांनी नाटकातून मिळवलेली. जत्रेतल्या नाटकाला गाव पुढं बसायचं आणि आमची माणसं स्टेजच्या मागं, बाभळीखाली. मागचा पडदा जुन्या धोतरांचा, गॅसबत्तीच्या उजेडात आरपार दिसायचं. मामांनी लहानपणापासून सगळे राजे पाठमोरे पाहिले. राजाचा अंगरखा मागून सुतळीनं बांधलेला. शब्द विसरला की प्रधान पाठीमागं बोटं मोडायचा. राणीचं काम धोंडू शिंप्याकडं. राणी मेली की पुढं बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि मागं येऊन तीच राणी लुगडं खोचून बिडी ओढायची. मागची माणसं फस्सकन हसायची. मग पुढून कुणीतरी काठी घेऊन यायचं.

"आमी लय नाटकं बघितली, मास्तर," मामा मला म्हणायचे, "पर रडू कुठं येतं त्ये कधी कळलं न्हाई."

धर्म बदलला, आमची पिढी शिकली, मी शाळेत मास्तर झालो. दुष्काळाच्या साली जयंतीला आम्ही आमचं नाटक केलं. लिहिलं मी, बसवलंही मीच. राजा नाही, राणी नाही, पडदा नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसंच बोलणार. नट प्रेक्षकांतून उठणार, बोलणार आणि परत प्रेक्षकांतच बसणार. बाईचं काम बाईच करणार. आमच्या वस्तीतली शालन, रोज खडी फोडणारी. जागा शाळेच्या भिंतीसमोर, उन्हं कलताना.

माझा हट्ट एकच होता. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मामांची. जन्मभर पाठी बघितलेल्या माणसानं एकदा तोंडं बघावीत. हाताला धरून मी त्यांना बसवलं. ते अवघडले.

"मागं कोन हाय?"

"मागं कुणी नाही, मामा. भिंत आहे."

नाटक सुरू झालं आणि बघतो तर खुर्ची रिकामी.

नाटक चांगलं झालं. शालननं मुकादमाला जाब विचारला तेव्हा पाटलांच्या घरची माणसंसुद्धा मान खाली घालून बसली. परभणीहून आलेले एक प्राध्यापक म्हणाले, हे नवं नाटक आहे. सगळे शालनभोवती गोळा झाले. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती खुर्ची. रागारागानं भिंतीमागं गेलो.

मामा तिथं बसले होते. पुढ्यात काठोकाठ भरलेली घागर, तिच्यावर ओलं फडकं, हातात पितळी पेला. पाणी स्टेशनच्या नळाचं. त्या साली तिथं पहाटेपासून रांग लागायची.

"हे काय मामा? खुर्ची सोडून इथं?"

"बोलून बोलून घसा वाळतो. कोनीतरी मागं येईल म्हनलं. कोनीच आलं न्हाई."

येणार कसं? आमच्या नाटकाला मागची बाजूच नव्हती. एवढी तालीम घेतली, पण नट मागं येणारच नाहीत हे मामांना सांगायचं मला सुचलं नव्हतं.

"धोंडू एकदा आसाच मागं आला," मामा म्हणाले. "व्हट वाळलेले. मायनं तांब्या पुढं केला. त्यानं तांब्याकडं बघितलं, मायकडं बघितलं, अन् तसाच मरायला पुढं गेला. मरताना त्याचा आवाजच फुटंना. लोक हसले. माय तांब्या धरून बसली. लय दिवस म्हनायची, आपल्यामुळं त्याचं नाटक बिघडलं." त्यांनी फडकं नीट केलं. "आता आपलीच पोरं हायत. पेतील, वाटलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. शरम वाटली. पेला घेऊन मी घागरीत बुडवला. तहान नव्हती, तरी एक प्यालो, दुसरा प्यालो, तिसरा ओठाला लावला.

मामा माझ्याकडं बघत होते.

"पर मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमी कुठं काम केलं?"